त्रेचाळिसावं पान

"मॅडम, पान गेलं."

बुधवार, सकाळचे पावणेअकरा. शिवलीला तंबाके साखर पेठेतल्या आपल्या दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होती. वधूच्या मामाचं आडनाव तिसऱ्यांदा चुकलं होतं, वीज नुकतीच जाऊन आली होती, आणि एप्रिलचं ऊन पत्र्यातून थेट डोक्यात उतरत होतं. फोनवर अंकिता चिलका होती.

"कुठलं पान? लोककोशावरचं? ते मी कालच कुलूपबंद केलंय, अंकिता. संदर्भ तपासल्याशिवाय आता कुणालाच त्यात..."

"तसलं पान न्हाय, मॅडम. कागदाचं. वाचनालयातलं. त्रेचाळीस नंबरचं. कुणीतरी कापून नेलंय."

शिवलीलानं लाल पेन खाली ठेवलं.

लोककोश म्हणजे इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, आणि भांडण लागलं की शिवलीलासारख्या सात-आठ बिनपगारी संपादकांनी ते मिटवावं. नऊ वर्षं ती हे काम करत होती. गेले चार महिने त्यातलं एकच भांडण तिच्या डोक्याला ताप होऊन बसलं होतं. 'जोडमोर चादर' हा लेख.

चोचीला चोच लावलेले दोन मोर. एके काळी सोलापुरात घरोघरी ती चादर असायची. लेखात लिहिलं होतं, की ही नक्षी कारखानदार कै. शिवयोगी मैंदर्गीकर यांनी स्वतः काढली आणि तिला म्हैसूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. आधार दिला होता प्रा. सोमशेखर उंबरजे यांच्या १९९४ सालच्या पुस्तकाचा. अंकिताचं म्हणणं, नक्षी तिच्या आजीची. नरसम्मा चिलका, वय सत्याऐंशी. मैंदर्गीकरांच्या कारखान्यात ती चौकटीच्या कागदावर नक्ष्या काढून द्यायची.

तीनदा अंकितानं आजीचं नाव लेखात घातलं. तीनदा ते काढलं गेलं. दोनदा मागावरच्या धोट्यावरून 'धोटा' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा सदस्यानं, आणि एकदा खुद्द शिवलीलानं. 'कौटुंबिक आठवण हा विश्वसनीय संदर्भ होत नाही,' असं कारण तिनं लिहिलं होतं. नियमाला धरूनच होतं ते. पण लिहून झाल्यावर तिला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

सोमवारी अंकितानं संदर्भ शोधून आणला. विणकर परिषदेची १९६८ सालची स्मरणिका. दुसरी प्रत कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं; पूर्व भागातल्या जुन्या वाचनालयात मात्र एक होती. सोमवारी संध्याकाळी आठ दहाला अंकितानं लेखात आजीचं नाव चौथ्यांदा घातलं आणि खाली लिहिलं, 'स्मरणिका, १९६८, पूर्व भागातल्या वाचनालयाची प्रत, पृ. ४३.' बस, एवढंच.

मंगळवारी सकाळी सहा पन्नासला धोटानं ते काढलं. 'छायाचित्राखाली नाव असलं म्हणून नक्षी त्या व्यक्तीची ठरत नाही. प्रकाशित ग्रंथाप्रमाणे पूर्ववत.'

शिवलीलानं वैतागून लेखाला कुलूप घातलं होतं. स्मरणिका स्वतः बघू, मग ठरवू. आणि आता पानच नव्हतं.

"शुक्रवारी पाटी छापायला जाणार हाय, मॅडम," अंकिताचा आवाज फाटला. "वस्त्रसंग्रहालयाची. ते म्हणत्यात, लोककोशावर जे असेल तेच आम्ही लिहिणार."

"तिथंच थांब. मी आले."

*

वाचनालय यंत्रमागांच्या गल्लीत होतं. मागांचा खडखडाट भिंतीतून आत यायचा. अंकिता दारातल्या नोंदवहीपाशी उभी होती. शिवलीला तिला घेऊन सरळ आत गेली. या वाचनालयाच्या समितीवर ती सहा वर्षं होती.

शिपाई ज्ञानबानं स्मरणिका टेबलावर ठेवली. डावीकडे बेचाळीस, उजवीकडे एकदम पंचेचाळीस. मधे शिवणीलगत कागदाची बारीक पट्टी उरली होती. ब्लेडनं, पट्टी लावून, सावकाश कापलेलं.

"कुणी कुणी मागितली होती ही?"

"वही बगा की, बाई. सोमवारी दुपारी ही पोरगी. मंगळवारी सव्वाअकराला इंद्रजीत मैंदर्गीकर. आजच्या आदी दोनच सह्या हायत."

"कपाटाला कुलूप?"

"साडेधाला उघडतो, सांजच्याला सातला लावतो. दिवसा उघडंच असतंय. मी हितंच असतो, खुर्चीवर. मदी च्या आणाय गेलो आसंन, तेवढंच."

"आणि रात्री?"

"रातच्याला किल्ली माज्या कमरंला. दुसऱ्या कुनाकडं न्हाय."

शिवलीला अंकिताकडे वळली. "तू फोटो का नाही काढलास?"

"मोबाईल आत न्यायचा न्हाय म्हणाले हे. झेरॉक्सला अर्ज केला, तर समितीची सही शनिवारी."

ज्ञानबानं मान खाली घातली. "समितीचाच नेम हाय त्यो."

त्या नियमाखाली शिवलीलाचीही सही होती.

"पानावर काय होतं? आठवेल तेवढं सांग."

"वर अव्वाचा, आजीचा फोटो. तरुणपणचा. फळ्यावर वाकून नक्षी काढतीय. खाली तिचं नाव. मजकूर पण होता, पण मला रडूच आलं, मॅडम. वाचलाच न्हाय नीट."

"फोटो आहे हे कुणाला बोललीस?"

"कुणालाच न्हाय. अव्वाला पण न्हाय. प्रत मिळाली की एकदम दाखवणार होते."

शिवलीलानं बेचाळिसावं पान वाचलं. लेख तिथंच सुरू होत होता. मैंदर्गीकरांचा कारखाना, त्यातले माग, आणि मग शेवटच्या दोन ओळी: 'येथील जोडमोर चादरीस म्हैसूर येथील प्रदर्शनात प्रथम पारितोषिक प्राप्त झाले. ही मनोहर नक्षी काढणाऱ्या'

पान तिथं संपत होतं.

काढणाऱ्या कोण? काढणाऱ्या कारखानदारांचे? काढणाऱ्या श्रीमतींचे? त्या एका शब्दावर तिनं बोट आपटलं. मराठीत एवढे शब्द, आणि पान नेमकं ह्या शब्दावर संपावं!

*

इंद्रजीत मैंदर्गीकरांचं ऑफिस अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत. माणूस पस्तिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मागच्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो आणि शेजारी काचेत मढवलेलं एक पिवळं प्रमाणपत्र. शिवलीलानं सवयीनं त्यावरची अक्षरं वाचली. जोडमोर चादर, प्रथम पारितोषिक, मद्रास, १९६६.

"पान तुम्ही कापलंत?"

"थेट विचारलंत, बरं झालं. नाही."

"मंगळवारी सव्वाअकराला तुम्ही स्मरणिका मागितलीत."

"मागितली. सकाळी लोककोशावर तो वाद बघितला. आमच्या कारखान्याबद्दल काय छापलंय ते बघायला गेलो. त्रेचाळीस नंबरच नव्हता."

"मग ज्ञानबांना का नाही सांगितलंत?"

इंद्रजीतनं टेबलावरचं दोऱ्याचं रीळ फिरवलं. "खरं सांगू? बरं वाटलं. आजोबांचं नाव राहिलं, असं वाटलं. घरी गेल्यावर लाज वाटली. पण तोवर उशीर झाला होता."

"तुमच्याकडे त्या स्मरणिकेची प्रत आहे?"

"असती तर वाचनालयात कशाला गेलो असतो?"

"अंकिताला वाटतं, धोटा म्हणजे तुम्हीच."

तो ताडकन उभा राहिला. "धोटा? त्या माणसानं मला पण छळलंय, मॅडम! लेखात म्हैसूर लिहिलंय. आमचं बक्षीस मद्रासचं. हे काय भिंतीवर आहे. मी फेब्रुवारीत दुरुस्त केलं, प्रमाणपत्राचा फोटोसुद्धा टाकला. अर्ध्या तासात धोटानं पुसलं. 'प्रकाशित ग्रंथात म्हैसूर आहे.' तुमच्याकडे तक्रार केली, तुम्ही पण तेच सांगितलंत. भिंतीवरचा कागद खोटा आणि पुस्तकातली चूक खरी, हा कुठला कोश?"

शिवलीलाला ती तक्रार आठवली. तिनं उत्तर दिलं होतं, नियमाचा क्रमांक घालून, दोन ओळींत.

रिक्षात बसल्यावर तिनं फोनवर लेखाचा इतिहास उघडून पाहिला. तो खरं बोलत होता. फेब्रुवारीतली ती तारीख, तो फोटो, ती धोटाची ओळ, सगळं जिथल्या तिथं होतं.

*

संध्याकाळी पाचला ती सात रस्त्याजवळ उंबरजे सरांकडे गेली. कॉलेजात त्यांनीच तिला इतिहास शिकवला होता. लोककोशावर आणलंही त्यांनीच. संदर्भ कसा तपासायचा, बाजू न घेता कसं लिहायचं, हे तिनं त्यांच्याकडून उचललं होतं. वाचनालयाच्या समितीतही ते होते. एकोणसत्तराव्या वर्षीही ताठ बसायचे.

"वाईट झालं," सर म्हणाले. "पान कापणं म्हणजे पापच. पण आता संदर्भ उरला नाही, हे तुला मान्य करावं लागेल."

"सर, तुम्ही ती स्मरणिका कधी पाहिली होतीत का?"

"छे. पुस्तकाच्या वेळी दोन वर्षं शोधली. मिळालीच नाही. आपल्याच वाचनालयात आहे, हेही मला परवा त्या मुलीमुळे कळलं."

"मग नक्षी मैंदर्गीकरांची, हे कशावरून लिहिलंत?"

"त्यांनी स्वतः सांगितलं. कारखान्याचे मालक होते ते."

"नरसम्मांना भेटला नव्हतात?"

"कुणाला? हां, ती. नाही." सरांनी चष्मा पुसला. "तेव्हा मजुरांच्या मुलाखती घ्यायची पद्धत नव्हती. आणि शिवलीला, मन घट्ट कर. भावनेसाठी नियम वाकवले तर कोशाचा चव्हाटा होईल."

"पण सर, पुस्तकं लिहिणारे जिथं गेलेच नाहीत, तिथली माणसं कोशात कधी येणार? तिच्याबद्दल कुणी छापलं नाही म्हणून ती नाही, आणि ती नाही म्हणून कुणी छापत नाही. बाजू न घेणं म्हणतो आपण याला?"

"नियम न्याय देत नाही. खात्री देतो."

हे वाक्य तिनं स्वतः कितीतरी नवख्या सदस्यांना ऐकवलं होतं. आज ते कानाला बोचलं. चहा अर्धा टाकून ती निघाली.

*

गुरुवारी सकाळी साडेदहाला ती वाचनालयात होती. ज्ञानबा कुलूप काढत होता. ती तशीच आत गेली, स्मरणिका काढली आणि पिशवीतला मोबाईल बाहेर काढला.

"बाई, मोबाईल..." ज्ञानबा चाचरला.

"नियम मोडतेय मी. समितीला सांगा."

बेचाळिसाव्या पानावर काल तिला काहीतरी खटकलं होतं. अक्षरांवर एक करडी झाक होती. धूळ म्हणून तिनं बोट फिरवलं होतं, पण ती पुसली गेली नव्हती. खिडकीपाशी नेऊन, पान तिरकं धरून तिनं चार फोटो काढले.

दुकानात येऊन फोटो संगणकावर टाकला आणि उलटा केला, आरशात दिसतो तसा. मग अक्षरांचा काळेपणा कमी करत नेला.

शिवलीलाच्या वडिलांचा छापखाना होता. लहानपणी सुट्टीत ती पायानं चालवायच्या यंत्राशेजारी उभी राहून छापलेले कागद उचलायची. वडील ओरडायचे, "सुकू दे गं आधी! ओले कागद एकावर एक ठेवलेस तर शाई समोर उठेल." फोटोच्या ठशाला शाई जास्त लागते. घाईत बांधणी केली, की तो समोरच्या पानावर उठतोच.

पडद्यावर हळूहळू एक बाई उगवली. भुरकी, अर्धवट. फळ्यावर वाकलेली, केसांत फूल. खाली अक्षरं. पहिलं नीट दिसत नव्हतं. मग '…डमोराच्या नक्षीकार श्री…ती नरसम्मा चिलका'.

तिनं डोळे मिटून घेतले. आनंद व्हायला हवा होता. झाला संतापच. चार महिने! चार महिने ही बाई त्या कपाटात होती, तिच्या स्वतःच्या वाचनालयात, आणि ती लोकांना संदर्भ मागत बसली होती.

दुपारी स्मरणिकेची पुन्हा एकदा खात्री करून परत निघताना ती नोंदवहीपाशी थबकली. आजच्या तारखेखाली एकही सही नव्हती. ती स्वतः सकाळपासून दोनदा आत येऊन गेली होती.

"ज्ञानबा, माझी सही का नाही घेतलीत?"

"घरच्या मान्सांची सही कोन घेतंय, बाई?"

ती वळली आणि त्याला आणखी एक प्रश्न विचारला. उत्तर ऐकून तिनं दारातूनच तीन फोन लावले.

*

चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच माणसं जमली. शिवलीला, अंकिता, इंद्रजीत, उंबरजे सर, आणि दारात ज्ञानबा. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता.

"पान कापणारा आणि धोटा, ही एकच व्यक्ती आहे," शिवलीला म्हणाली. "आणि ती या खोलीत आहे."

अंकितानं इंद्रजीतकडे पाहिलं.

"नाही, अंकिता. मीही आधी तेच धरून चालले होते. पण फेब्रुवारीत इंद्रजीतनी म्हैसूरचं मद्रास केलं, ते धोटानं पुसलं. स्वतःच्या कारखान्याचं बक्षीस स्वतःच चुकीच्या गावाला कोण देईल?"

इंद्रजीतनं सुस्कारा सोडला.

"आता धोटानं मंगळवारी काय लिहिलं ते ऐका. 'छायाचित्राखाली नाव असलं म्हणून.' अंकितानं संदर्भात फक्त पानाचा आकडा दिला होता. फोटोचं ती कुणाशीच बोलली नव्हती. मग धोटाला फोटो कसा कळला?"

"वाचनालयात येऊन बघितला असेल," सर म्हणाले.

"कधी, सर? अंकितानं संदर्भ टाकला सोमवारी रात्री आठ दहाला. धोटानं काढला मंगळवारी सकाळी सहा पन्नासला. त्या वेळात कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्ञानबांच्या कमरेला. म्हणजे हे लिहिण्याआधी त्या रात्रीत धोटानं ते पान पाहिलेलं नाही. त्याला ते आधीपासून माहीत होतं. कदाचित फार आधीपासून."

शिवलीला सरांकडे वळली.

"जोडमोर चादरीला म्हैसूरला बक्षीस मिळालं, ही चूक आहे. प्रमाणपत्रात मद्रास आहे. लोककोशात म्हैसूर आलं ते तुमच्या पुस्तकातून, सर. तुमच्या पुस्तकात कुठून आलं? मैंदर्गीकरांनी सांगितलं असतं तर त्यांनी मद्रास सांगितलं असतं, प्रमाणपत्र त्यांच्याच भिंतीवर होतं." तिनं स्मरणिका उघडून सरकवली. "ही चूक मला आणखी एकाच ठिकाणी सापडली. बेचाळिसाव्या पानावर. तुम्ही म्हणालात, ही स्मरणिका कधी पाहिलीच नाही. तुम्ही तीच समोर ठेवून लिहिलंत. आणि बेचाळीस वाचणारा माणूस, 'ही मनोहर नक्षी काढणाऱ्या' इथपर्यंत येऊन पान उलटत नाही, थांबतो? उलटायचंही नव्हतं, सर. त्रेचाळीस समोरच होतं."

"हे तर्क आहेत," सर शांतपणे म्हणाले. "नोंदवहीत माझी सही आहे का?"

"नाही. माझीही नाही. मी आज दोनदा आत आले. समितीच्या माणसांची सही इथं कुणी घेत नाही. ज्ञानबा, दुपारी मला काय सांगितलंत?"

ज्ञानबानं टोपी हातात घेतली. "मंगळवारी सर कुलूप काढायच्या आदीच दारात हुबे हुते. पेपर वाचतो म्हनाले. मला म्हनाले, ज्ञानबा, च्या आण. मी गेलो, आलो. अकराला सर गेले. मला काय ठाव, बाई? सर हायत म्हनून मी..."

"सव्वाअकराला इंद्रजीत आले तेव्हा पान नव्हतं," शिवलीला म्हणाली. तिनं बेचाळिसाव्या पानाचा उलटा केलेला फोटो टेबलावर ठेवला. "एक मात्र तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही कागद नेलात. शाई राहिली."

अंकितानं तो फोटो दोन्ही हातांनी उचलला. "अव्वा," ती एवढंच म्हणाली.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तिला भेटलो होतो," ते अखेर म्हणाले. "त्र्याण्णव साली. तिच्या घरी खाली बसून चहा घेतला. तिनं जुने चौकटीचे कागद दाखवले. सगळं टिपून घेतलं मी. प्रकाशनाला मैंदर्गीकर अध्यक्ष होते. छापण्याआधी ते म्हणाले, कारखान्यात जे निघतं ते कारखान्याचं. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणाले, बाईमाणसाच्या तोंडी सांगण्यावर कशाला जोखीम घेता? मी नाव गाळलं. एक ओळ, शिवलीला. फक्त एक ओळ. मग ती ओळ शाळेच्या पुस्तकात गेली, वर्तमानपत्रांत गेली, लोककोशात गेली. सगळ्यांनी माझाच हवाला दिला."

"आणि आम्ही म्हणत राहिलो, इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार."

"तीस वर्षं मी संदर्भाचे नियम शिकवले. आता शेवटी शेवटी लोकांना कळावं, की माझा स्वतःचा..."

"पान कुठाय?"

"जाळलं."

अंकिता रडली नाही. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमी आमच्या घरात चहा पिला," ती म्हणाली. "अव्वा अजून सांगती, एक मास्तर आला हुता म्हणून. पुस्तकात येणार म्हणून ती वाट बघत बसली हुती."

सरांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. शिवलीलानं कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"लिहा, सर. तुमच्या सहीनं. काय पाहिलंत, कोणाला भेटलात, काय गाळलंत, कोणतं पान कापलंत. आजच वर्तमानपत्रात देऊ. कोशाला छापील संदर्भ लागतो ना? आता तो तुम्हीच छापा."

सरांनी पेन उचललं. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

*

शुक्रवारी सकाळी पत्र छापून आलं. तरी लोककोशावर दुपारपर्यंत भांडण चाललं. एका संपादकाचं म्हणणं, वाचकाचं पत्र म्हणजे संदर्भ नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, शाईचा ठसा हे स्वतःचं संशोधन झालं, ते कोशात चालत नाही. शिवलीलानं प्रत्येकाला उत्तर दिलं, प्रत्येक वेळी दात ओठ खाऊन. धोटाचं खातं बंद करायचा प्रस्ताव तिनं स्वतः मांडला आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, की नरसम्मा चिलकांचं नाव एकदा मीही काढलं होतं, आणि इंद्रजीत मैंदर्गीकरांची तक्रार न बघता फेटाळली होती. अडीचला लेख बदलला. म्हैसूरच्या जागी मद्रास आलं. तीनला संग्रहालयातून फोन आला, की नव्या मजकुराची पाटी छापायला गेली.

मग ती अंकिताबरोबर पहिल्यांदाच नरसम्माकडे गेली. चार महिन्यांत हे आपल्याला सुचलं नाही, याची तिला वाटेत लाज वाटत राहिली.

म्हातारी खाटेवर पाय मुडपून बसली होती. दृष्टी गेलेली, कान शाबूत. अंकितानं तेलुगूत काहीतरी सांगितलं. म्हातारीनं हात पुढे करून शिवलीलाचं मनगट चाचपलं.

"बस, अम्मा. वाच बगू, काय लिवलंय पाटीवर."

शिवलीलानं वाचून दाखवलं. 'जोडमोर चादर. नक्षीकार: नरसम्मा चिलका.'

नरसम्मा ऐकत राहिली. मग तिनं मान डोलावली.

"मोर माजे. ते खरं हाय. पण किनार माजी न्हवं. किनारीची येल राजम्मानं काढली. तिचं नाव कुटं हाय?"

शिवलीला आणि अंकितानं एकमेकींकडे पाहिलं.

"कोण राजम्मा, अव्वा?"

"माज्या शेजारच्या फळीवर बसायची. लई बारीक हात तिचा. मला येल जमायची न्हाय, मी मोर काढून तिच्याकडं सरकवायची. ती मेली लौकर."

"तिच्याबद्दल कुठं काही लिहिलेलं आहे?" प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर शिवलीलाला स्वतःचाच राग आला.

म्हातारी हसली. तोंडात दोन दात होते. "मला लिवायला साठ वर्सं लागली, अम्मा. तिला कोन लिवनार?"

अंकितानं न सांगता मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. शिवलीलानं पिशवीतून वही काढली आणि मांडीवर उघडली.

"आजी, राजम्मांचं आडनाव काय होतं?"

नरसम्मानं आठवून पाहिलं. कपाळावरच्या सुरकुत्या गोळा झाल्या, बोटं गोधडीवर हलली.

"इचारलंच न्हाय कदी," ती म्हणाली. "नुसती राजम्माच म्हनायचो की."

शिवलीलानं वहीत 'राजम्मा' लिहिलं आणि पुढे रिकामी जागा सोडली.

"बरं," ती म्हणाली. "राहायची कुठल्या गल्लीत?"